सतरा पावलं

अग्निशमन खात्यातल्या मिटकेसाहेबांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त त्यांच्या पगारपत्रकाला आणि सासूबाईंना ठाऊक होतं. 'मिटके' हे नाव त्यांना खात्यानं बहाल केलेलं. कारण हा माणूस तपासणीला गेला की डोळे मिटायचा. बाकीचे निरीक्षक डोळे उघडे ठेवून तपासणी करतात, निदान तसा आव तरी आणतात. मिटकेसाहेब दुकानात शिरले की आधी मेन स्विच खाली ओढायचे, दारं लावून घ्यायला सांगायचे, डोळे घट्ट मिटायचे, गुडघ्यात जरा वाकायचे आणि डावा तळहात भिंतीला टेकवून, मोठ्यानं पावलं मोजत, बाहेर पडायच्या दाराकडे निघायचे. एक, दोन, तीन. वाटेत खोकं आडवं आलं की नापास. खुर्ची आली की नापास. दुकानाचा मालक ही गंमत बघायला वाटेत उभा असला आणि साहेबांचा हात त्याच्या पोटावर पडला, तर पोटासकट मालक नापास.

"धुरात डोळे कशाला हवेत?" असं ते प्रत्येक दुकानातल्या माणसांना ओळीनं उभं करून सांगायचे. "धूर भरला की माणसाजवळ दोनच गोष्टी उरतात. भिंत आणि आकडा. डावा हात भिंतीला लावायचा, तो काही झालं तरी सोडायचा नाही, आणि मोजत चालायचं. दार येतंच."

घरीही तेच. लग्न झाल्यावर नवी जोडी चार दिवस हॉटेलात राहायला गेली, तेव्हा नवऱ्यानं पहिल्या संध्याकाळी काय केलं असेल, तर दिवा घालवला. नवरी लाजली. नवरा भिंत चाचपत जिन्यापर्यंत गेला आणि तिकडून ओरडला, "बत्तीस!" बायको हा किस्सा सत्तावीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आली आहे. "माझा वाढदिवस एकदा लक्षात राहिला नाही," ती म्हणायची, "पण मोरीपासून बाहेरच्या दारापर्यंत किती पावलं, ते यांना झोपेतून उठवून विचारा."

ह्या वेडामागची गोष्ट मात्र साहेबांनी फक्त बायकोलाच सांगितली होती, तीही एकदाच.

नोकरीचं दुसरं वर्ष. फटाक्यांचं एक दुकान तपासायला गेले होते. ऊन तापलेलं, पोटात भूक. मालक म्हणाला, "साहेब, इथलं काही बदललेलं नाही. गेल्या वर्षीचेच आकडे घाला." साहेबांनी घातले. बदललं होतं ते एवढंच, की मागच्या दाराला लागून लाकडी पेट्यांची थप्पी उभी राहिली होती. नऊ दिवसांनी दुकान पेटलं. सगळे पुढून पळाले. राहिला एक चष्मेवाला विक्रेता. तो सापडला मागच्या भिंतीशी. भिंत काजळीनं काळीकुट्ट झालेली, आणि त्या काळ्यावर एकच पांढरा ठिपका, पाच बोटांचा. विक्रेत्याचा तळहात जिथं टेकलेला होता तेवढी जागा काजळीपासून वाचली होती. डावा हात. साहेबांनी त्याच्या जागेपासून पावलं मोजली. अकरा चालून आला होता. बारावं पाऊल म्हणजे दार, पेट्यांच्या पलीकडे.

म्हणजे ही पद्धत साहेबांनी काही शोधून काढली नव्हती. ती त्यांना त्या भिंतीनं शिकवली होती.

तर अशा माणसाच्या नशिबी फटाक्यांचा व्यापारी मेहुणा यावा, ही कुणाची थट्टा होती देव जाणे. बायकोचा धाकटा भाऊ, गोरागोमटा, हसरा, कुणालाही 'नाही' न म्हणणारा. गावाच्या कडेला त्याचं दुकान, आणि दुकानाच्या पाठीला लागून पत्र्याच्या छपराचं आडवं गोदाम. खात्यात निरीक्षक दोनच. दुसऱ्याला फटाक्यांच्या दारूच्या वासानं सलग चाळीस शिंका यायच्या, त्यामुळे फटाक्यांची सगळी दुकानं मिटकेसाहेबांच्याच वाट्याला. मेहुण्याचं गोदाम त्यांना पाठ होतं. दुकानातून आत शिरायचं, डावीकडे वळायचं, भिंतीभिंतीनं जायचं, दोन कोपरे घ्यायचे, की मागचं दार. सतरा पावलं. सहा वर्षं सतराच.

सातव्या वर्षी, निवृत्तीला महिना उरला असताना, साहेब तपासणीला निघाले. हंगामाला आठ दिवस होते.

"माझ्या भावाला उगाच छळू नका," बायको डबा भरता भरता म्हणाली. "वर्षाची कमाई ह्या पंधरा दिवसांत असते त्याची. परवाना आज मिळाला नाही तर हंगाम गेला."

"छळतो कुठे? मोजतो."

"मोजा. पण आधी पायांकडे बघा."

साहेबांनी पाहिलं. एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्या पायात बायकोची. हे अलीकडे वाढलं होतं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचा, एकच फोन दोनदा करायचा. डॉक्टर म्हणाले होते, वय आहे. साहेबांना हे वाक्य आवडलं नव्हतं, पण खोडूनही काढता आलं नव्हतं.

दुपारी बाराला यायचं सांगून ते साडेअकरालाच पोचले. मेहुणा दारातच गडबडला, मग हसला. "अहो दाजी, एवढ्या लवकर? थांबा, जरा पाणी घ्या. मी आतलं आवरतो."

"तू आवरलंस तर मी काय तपासू?"

तरी पाणी प्यायला दोन मिनिटं गेलीच. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग शांतता. मेहुणा रुमालानं मान पुसत परत आला. दुकानात एक मांडणी सरकवून तिरकी ठेवलेली दिसत होती. साहेबांनी ती पाहिली, आणि पाहून सोडून दिली. माणूस डोळे मिटून काम करतो म्हटल्यावर उघड्या डोळ्यांना थोडा आळस येणारच.

"मावशी दिसत नाही?" त्यांनी विचारलं. मावशी म्हणजे दुकानातली जुनी पुडे बांधणारी बाई. साठी उलटलेली, तोंडानं तिखट. दरवर्षी साहेबांच्या शिकवणीत पहिल्या रांगेत उभी राहायची आणि विचारायची, साहेब, भिंतच पेटली तर हात कुठं लावू?

"आज सुट्टीवर," मेहुणा म्हणाला.

गोदाम नेहमीसारखंच होतं. तेच रॅक, तीच खोकी, जमिनीवर तीच लाल रेघ. भिंती यंदा नव्यानं पांढऱ्या केलेल्या. साहेबांनी वाळूच्या बादल्या मोजल्या, मेन स्विच खाली ओढला, दोन्ही दारं लावून घेतली. पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. त्यांनी डोळे मिटले, डावा हात भिंतीला लावला आणि निघाले.

"एक. दोन. तीन."

कोपरा आला. साहेब थबकले. कोपरा जरा लवकर आला असं वाटलं. मग वळले. आणि ही दुसरी भिंत हाताला कोमट लागली, ताप भरलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

"चार. पाच."

पाचव्या पावलाला त्यांना ते ऐकू आलं. सर्र, सर्र. भिंतीच्या पलीकडून, अगदी त्यांच्या तळहाताच्या उंचीवर, दुसरा एक तळहात सरकत होता. ते थांबले, तो थांबला. ते निघाले, तो निघाला.

"सहा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"सहा," कुणीतरी म्हणालं.

हळू, घशातल्या घशात, धूर गिळलेल्या माणसासारखं. साहेबांच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण अठ्ठावीस वर्षांची सवय पायांत होती आणि पाय थांबेनात. सात. सात. आठ. आठ. दुसरा कोपरा. नऊ. दहा.

"अकरा," तो आवाज म्हणाला, ह्या वेळी साहेबांच्या आधी. आणि साहेबांच्या हाताला मागच्या दाराची कडी लागली.

दार ढकलून ते उन्हात आले, तेव्हा अंगातला शर्ट पाठीला चिकटला होता.

"झालं?" मेहुण्यानं विचारलं. तो दुकानाला वळसा घालून मागं येऊन उभा होता.

"अकरा भरली."

"काय अकरा?"

"पावलं. सतरा असतात."

मेहुण्याच्या चेहऱ्यावरून क्षणभर काहीतरी सरकलं. मग तो मोठ्यानं हसला. "अहो दाजी, मधली सहा मोजायची राहिली असतील! ताईनं आत्ताच फोन करून सांगितलं, सकाळी तिची चप्पल घालून निघाला होता म्हणे."

साहेबांनी पुन्हा मोजलं. पुन्हा अकरा. ह्या खेपेला आवाज आला नाही, फक्त तो हात सरकत राहिला, जरा घाईनं, जणू काही शोधत. कुणाला सांगणार? साहेबांना एकदम थकल्यासारखं झालं. डोकं गेलं आपलं, त्यांना वाटलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो चष्मेवाला इतकी वर्षं गप्प होता, आणि आता निवृत्तीच्या तोंडावर शेजारून चालायला आलाय. बायकोला सांगावं तर ती आधी रडेल आणि मग डॉक्टरकडे नेईल.

"टेप आणतो स्कूटरमधून. मापून बघू," ते पुटपुटले.

"टेप कशाला?" मेहुणा प्रेमानं म्हणाला. "गेली सहा वर्षं तुम्हीच मोजलंय. इथलं काही बदललेलं नाही. गेल्या वर्षीचेच आकडे घाला, आणि चला घरी जेवायला. मी दुकान बंदच करतोय. स्विच राहू दे तसाच, आल्यावर टाकीन."

साहेबांनी टेबलावर कागद पसरला. लांबी, गेल्या वर्षीचीच. रुंदी, गेल्या वर्षीचीच. मागच्या दारापर्यंतचं अंतर, सतरा पावलं. हात लिहीत होता. सहीच्या रेघेवर पेन आलं आणि लक्षात आलं की शिक्का स्कूटरच्या डिकीत राहिलाय.

"आलोच," म्हणाले.

बाहेर डिकी उघडायला त्यांनी डावा हात पुढं केला. काळ्याभोर डिकीवर हात टेकला, उचलला, आणि मागं एक पांढरा पंजा उमटला. पाच बोटांचा.

साहेब त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तळहात नाकाशी नेला. ओला चुना. बोटांच्या रेघांत अजून ओलसर. सगळ्या भिंती यंदा रंगवल्या होत्या, पण पहिली भिंत कोरडी होती, मागचीही कोरडी. ओली होती ती फक्त मधली, ती कोमट. जुनी भिंत दोन-चार दिवसांत सुकते. नव्या भिंतीला वेळ लागतो.

त्यांनी शिक्का घेतलाच नाही. टेप घेतली आणि आत आले. दुकान आतून टेपनं मोजलं, मग गोदाम मोजलं. दोन्ही बाहेरून एकाच रेषेत उभे होते, आणि आतून गोदाम तीन पावलं तोकडं होतं.

"भिंतीमागं काय आहे?"

"कुठल्या भिंतीमागं?" मेहुणा म्हणाला, पण हसू अर्ध्यावरच अडकलं.

"धाकट्या," साहेब म्हणाले. एरवी ते त्याला लटक्या आदरानं व्यापारीसाहेब म्हणून चिडवायचे. "मी मेन स्विच ओढला, तेव्हा त्या भिंतीमागचा दिवाही गेला का?"

मेहुण्याचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा झाला. तो धावत गेला आणि ती तिरकी मांडणी खसकन ओढली. मागं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक फळी बसवलेली होती. त्याला खिटी सापडेना. साहेबांनी त्याला बाजूला सारलं आणि फळी उपसली.

आतून भट्टीचं तोंड उघडावं तसा वाफारा आला, आणि त्या वाफाऱ्यामागून, गुडघ्यांवर रांगत, तोंडाला फडकं बांधलेली मावशी बाहेर आली. अंगावर चुना, केसांत चुना. तिनं फडकं सोडलं, मेहुण्यानं पुढं केलेलं पाणी त्याच्या हातून हिसकावलं आणि सगळं पिऊन टाकलं.

"साहेब," ती म्हणाली, "तुमची शिकवणी साफ फुकट गेली. दिवा गेल्याबरोबर डावा हात भिंतीला लावला. फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. दारच येईना!"

येणार कसं? हात खांद्याच्या उंचीला आणि दार गुडघ्याच्या खाली. साहेबांनी अठ्ठावीस वर्षं शेकडो माणसांना सांगितलं होतं की दार येतंच.

"ओरडली का नाहीस?"

"मी आत खोकी लावत होते, तेवढ्यात तुम्ही आलात. मालक म्हणाले, साहेब जाईपर्यंत श्वास सुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही, नाहीतर परवाना गेला." ती मेहुण्याकडे न बघता म्हणाली. "नंतर डोकं गरगरायला लागलं. शेवटी म्हटलं, पुरे झालं, एक काडी ओढून दार कुठंय ते बघावं. घरच्या स्टोव्हसाठी सकाळी काडेपेटी घेतली होती, कमरेलाच होती." तिनं ती काढून टेबलावर ठेवली. नवी, न उघडलेली. "बोटं घामानं ओली, वेष्टण सुटेना."

साहेबांनी वाकून आत पाहिलं. छतापर्यंत खोकी. परवान्यात न मावणारा सगळा माल, तापलेल्या पत्र्याखाली, खिडकी नाही, झरोका नाही. सगळ्यांत वरच्या खोक्यावर हात ठेवला तर चटका बसला.

मेहुणा मटकन खाली बसला होता. "दहा मिनिटांचा प्रश्न होता, दाजी," तो लहान मुलासारखं रडत होता. "तिला आत दिवा होता हो. तुम्ही स्विच ओढता हे मला माहीत होतं, पण... डोक्यातच आलं नाही. जेवायला निघण्याआधी काढणारच होतो तिला."

त्याला धीर द्यायचं साहेबांच्या जिभेवर आलं नाही, आणि रागवायचंही नाही. दिवा त्यांनीच तर घालवला होता. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, चार तुकडे केले आणि खिशात घातले. मग मावशीला स्टूल दिलं.

"एक मात्र आहे," ते म्हणाले. "तू आतून मोजत होतीस ना, त्यानं मला जाग आली."

"मी?" मावशीनं भुवया उंचावल्या. "मी कशाला मोजते? तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं, दारूची पूड उडते म्हणून. आणि श्वास घ्यायची बंदी, मोजते कुठली! मोजत तर तुम्ही होता." ती जरा थांबली. "तुम्ही आणि तुमच्याबरोबरचा तो दुसरा माणूस. घसा बसलेला. तो कुठं गेला?"

पत्रा कडकडला.

दुकानाला सील लागलं. हंगाम आला, गेला, मेहुण्याच्या दुकानात एकही फुलबाजी विकली गेली नाही. बायकोनं सहा दिवस नवऱ्याशी बोलणं टाकलं. सातव्या दिवशी भावानंच तिला सगळं सांगितलं, काडेपेटीसकट. त्या संध्याकाळी तिनं न सांगता घरातले सगळे दिवे घालवले, डावा हात भिंतीला लावला आणि मोजायला लागली. फ्रिजला धडकली. "हा इथून हलवा," एवढंच म्हणाली. सत्तावीस वर्षांत बायकोनं दिलेला हा पहिला अहवाल साहेबांनी तात्काळ मंजूर केला.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी साहेब फेरतपासणीला गेले. खोटी भिंत पाडलेली होती, जमिनीवर तिची पांढरी रेघ तेवढी उरली होती. गोदाम रिकामं. मेहुणा कमालीचा वाळलेला. "दाजी" म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला. साहेबांनी त्याला आणि मावशीला मागच्या दाराबाहेर जाऊन थांबायला सांगितलं. आधी प्रत्येक भिंतीवर तीन ठिकाणी टकटक करून विचारलं, "कुणी आहे का?" शिकवणीत ही एक नवी गोष्ट त्यांनी वाढवली होती. उत्तर आलं नाही. मग स्विच ओढला.

एक. दोन. तीन. कोपरा आला तो सहाव्या पावलाला, बरोबर, जुन्या जागी. भिंत गार होती. सातव्या पावलाला शेजारी ते सरकणं सुरू झालं. सर्र, सर्र. ह्या भिंतीच्या पलीकडे आता खोली नव्हती, मोकळं मैदान होतं.

साहेब घाबरले नाहीत असं म्हणणं खोटं होईल. पण हात त्यांनी भिंतीवरून काढला नाही.

आठ. आठ. नऊ. नऊ. दहा. दहा.

"अकरा," तो बसलेला घसा म्हणाला, आणि थांबला. सरकणंही थांबलं.

साहेब थांबले. त्यांना कळलं की ह्याच्यापुढचा आकडा त्याच्याजवळ नाही. कधी नव्हताच. एका माणसानं भुकेल्या पोटी गेल्या वर्षीचे आकडे घातले होते, तेव्हापासून तो अकरावर उभा होता.

"बारा," साहेब म्हणाले.

काहीच नाही.

"बारा," ते पुन्हा म्हणाले, शिकवणीत नव्या पोराला सांगावं तशा आवाजात. "भिंत सोडू नका. बारा."

बराच वेळ गेला. मग अगदी हळू, नवा शब्द जिभेवर ठेवून बघावा तसं, शेजारून आलं, "बारा."

तेरा. चौदा. पंधरा. सोळा. सतरा. कडी हाताला लागली. साहेबांनी दार उघडलं आणि डोळे उघडले. उन्हात मेहुणा आणि मावशी उभे होते. साहेब उंबऱ्याबाहेर आले, पण दार सोडलं नाही. एका बाजूला सरकून, मागच्याला वाट द्यावी तसे, ते दार धरून उभे राहिले.

"आता कुणासाठी धरलंय?" मावशी म्हणाली. "आत तर कुणी नाही."

थोड्या वेळानं साहेबांनी दार लावलं, खिशातून कागद काढला, मागच्या दारापर्यंतच्या अंतरापुढं सतरा लिहिलं आणि खाली सही केली.